तीनशे माणसं, एकच वेळ: कार्यक्रम आखण्याचं आणि पार पाडण्याचं गणित

कार्यक्रम फसतो तेव्हा खापर वक्त्यावर किंवा साउंडवाल्यावर फुटतं. खरा घोटाळा बहुतेकदा आधीच झालेला असतो. दाराशी रांग तुंबते, पंधरा मिनिटांचं मध्यंतर चाळीस मिनिटांवर जातं, जेवणाच्या ओळीत शेवटच्या माणसाचा नंबर तासाभराने लागतो, आणि मग उरलेली सत्रं कात्रीत सापडतात. माणसं एकेकटी कधीच अडचण करत नाहीत. पण ती एकाच वेळी येतात, एकाच वेळी उठतात, एकाच वेळी भुकेजतात आणि एकाच वेळी घरी निघतात. त्यामुळे सरासरी काढून आखणी केली की ती नेमकी या चार वेळांना कोसळते.

पुढची उदाहरणं सभागृहातल्या, दिवसभराच्या, ३०० लोकांच्या कार्यक्रमाची आहेत: सकाळी सत्रं, दुपारी जेवण, संध्याकाळी पारितोषिकं. तुमची संख्या वेगळी असेल तर आकडे बदला, हिशोबाची रीत तीच राहते.

आधी एक वाक्य, मग एक आकडा

कार्यक्रम कशासाठी आहे हे समितीतल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या कागदावर एकेका वाक्यात लिहावं. वाक्यं जुळली नाहीत तर पुढे जाऊ नका, कारण ते भांडण आज झालं नाही तर कार्यक्रमाच्या आदल्या रात्री होईल. "नव्या सभासदांची जुन्यांशी ओळख व्हावी" असं ठरलं तर भाषणं कमी आणि मोकळा वेळ जास्त लागतो. "लोकांनी नवं यंत्र स्वतः हाताळून पाहावं" असं ठरलं तर व्यासपीठापेक्षा टेबलं आणि विजेचे पॉइंट महत्त्वाचे. जागा, वेळ, खर्च सगळं या वाक्यातून निघतं.

मग आकडा. आमंत्रित किती, नोंदणी किती आणि प्रत्यक्ष येणार किती, हे तीन वेगळे आकडे आहेत आणि ते एकाच रकान्यात लिहिले की गोंधळ सुरू होतो. प्रवेश फुकट असेल तर नोंदणी केलेल्यांपैकी तिसरा हिस्सा येणार नाही असं धरून चाला. तिकीट असेल तर गळती बरीच कमी, दहा टक्क्यांच्या आसपास धरावी. हे अंदाज आहेत. स्वतःच्या दोन-तीन कार्यक्रमांची नोंद हाताशी असेल तर तीच खरी. आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी आठवण पाठवा आणि तिच्यातच "येऊ शकत नाही" असं कळवायची सोय ठेवा. लोक नाही म्हणायला संकोचतात. सोय सोपी असेल तर कळवतात.

खुर्च्या मात्र येणाऱ्यांच्या अंदाजाइतक्याच मांडा आणि वरच्या दहा टक्के मागे रचून ठेवा. चारशे खुर्च्यांत अडीचशे माणसं विरळ दिसतात, अडीचशे खुर्च्यांत तीच भरगच्च. शिवाय माणसं मागून बसत जातात. म्हणून सुरुवातीला मागच्या चार-पाच ओळी दोरी लावून बंद ठेवायच्या आणि पुढचं भरल्यावर सोडायच्या. "कृपया पुढे येऊन बसा" असं दहा वेळा माइकवरून सांगण्यापेक्षा ही दोरी जास्त काम करते.

पैशांचा हिशोब

खर्चाचे दोन ढीग करा. एक ठरलेला: सभागृह, साउंड, दिवे, पडदा, छपाई, माणसं शंभर आली काय नि तीनशे आली काय, तो तेवढाच. दुसरा माणशी: जेवण, बॅज, पाणी, वाटायचं साहित्य. तिकीट असेल तर ठरलेला खर्च भागिले (तिकीट वजा माणशी खर्च) एवढी माणसं आली की तोटा थांबतो. ठरलेला खर्च १,२०,०००, तिकीट ८०० आणि माणशी खर्च ३०० असेल, चलन कोणतंही धरा, तर २४० माणसं लागतात. आता सवलतीची तिकिटं, वक्ते, स्वयंसेवक यांच्या जेवणाचा खर्चही याच हिशोबात येतो. तो विसरला की २४० चे २७० कधी होतात कळत नाही.

कोटेशन मागवताना सगळ्यांना एकच यादी द्या, नाहीतर तुलना होत नाही. आणि कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नसतं ते विचारा: वाहतूक, चढवण्या-उतरवण्याची मजुरी, ठरलेल्या वेळेनंतरच्या तासाचा दर, जनरेटरचं इंधन, सफाई, कर. बिल फुगतं ते यांनीच. एकूण रकमेच्या दहा टक्के अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी अमुक रकमेपर्यंतचा खर्च कोणालाही न विचारता कोण मंजूर करू शकतो, तेही आधी ठरवा. हार्डवेअरच्या दुकानापर्यंत गेलेला स्वयंसेवक फोनवर परवानगीची वाट पाहत उभा राहू नये.

वेळापत्रक उलटं मोजा

साधारण १२ आठवडे आधी तारीख आणि जागा पक्की. ८ आठवडे आधी वक्ते आणि परवानग्यांचे अर्ज: ध्वनिक्षेपक, अग्निशमन, गर्दी, ध्वनिमुद्रित संगीत, जिथे जे लागतं ते. ६ आठवडे आधी नोंदणी खुली. ३ आठवडे आधी मिनिटवार पत्रकाची पहिली प्रत. १ आठवडा आधी जेवणाचा हमीचा आकडा, म्हणजे इतक्या ताटांचे पैसे नक्की देऊ असा. याहून घाईत करायचंच असेल तर सर्वात आधी जागा आणि परवानग्या धरा, कारण ही दोन कामं जास्त पैसे मोजूनही लवकर होत नाहीत.

जागा पाहायला टेप घेऊन जा

कार्यक्रम ज्या वारी, ज्या वेळी आहे त्याच वारी, त्याच वेळी जागा पाहा. दुपारचं ऊन खिडकीतून थेट पडद्यावर येतं का, शेजारच्या दालनात त्या वेळी काय चालतं, हे रविवारी सकाळी कळत नाही.

मापं अशी. नुसत्या खुर्च्यांची बैठक असेल तर मधल्या वाटा धरून माणशी ८ ते १० चौरस फूट. समोर टेबल असेल तर १६ ते १८. गोल टेबलांभोवती बसवायचं असेल तर १२ ते १५. पाच फुटी गोल टेबलाला आठ माणसं सुखाने बसतात, दहा बसतात पण कोपर लागतं. व्यासपीठ, नोंदणीची जागा आणि जेवणाचं दालन वेगळं धरायचं. सभागृहवाले सांगतात ती क्षमता बहुधा खुर्च्या खेटून लावलेली आणि व्यासपीठ नसलेली असते, म्हणून तो आकडा ऐकून घ्यायचा आणि मोजायचं आपणच.

पडद्यासाठी सोपा नियम: शेवटची ओळ पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको, पहिली ओळ दुपटीपेक्षा जवळ नको. शेवटची ओळ ४८ फुटांवर असेल तर पडदा ८ फूट उंच हवा. १६:९ प्रमाणात त्याची रुंदी १४ फुटांच्या थोडी वर जाते. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान ४ फुटांवर ठेवली नाही तर पुढच्यांची डोकी अक्षरांच्या आड येतात. म्हणजे छत १२ फुटांहून बुटकं असेल तर हा पडदा बसणारच नाही, आणि हे आगाऊ रक्कम देण्याआधी कळलेलं बरं.

सामान कुठून आत येणार तेही पाहा: दाराची रुंदी, लिफ्टचं माप, गाडी कुठवर येते, आणि आदल्या संध्याकाळी जागा ताब्यात मिळते का. सकाळी सहाला ताबा आणि नऊला कार्यक्रम असेल तर साउंड तपासायला वेळच उरत नाही.

आता स्वच्छतागृहं. कोणी मोजत नाही, आणि मध्यंतर लांबतं ते इथेच. समजा ३०० पैकी १५० स्त्रिया आहेत. मध्यंतरात त्यातल्या निम्म्या उठल्या तर ७५. खोल्या ५, प्रत्येकीला सरासरी दीड मिनिट. पंच्याहत्तर गुणिले दीड भागिले पाच, म्हणजे साडेबावीस मिनिटं. पत्रकात मध्यंतर लिहिलंय १५. सत्र वेळेवर सुरू केलं तर पंचवीसएक बायका बाहेर उभ्या असतात; नाही केलं तर पुढचं सगळं आठ-दहा मिनिटांनी सरकतं. उपाय तीन: मध्यंतर सरळ ३० मिनिटांचं ठेवा, किंवा पुरुषांचं एक स्वच्छतागृह त्या दिवसापुरतं पाटी बदलून स्त्रियांना द्या, किंवा दालनं दोन असतील तर त्यांची मध्यंतरं पंधरा मिनिटांच्या अंतराने पाडा. यात पैशाचा खर्च जवळजवळ नाही.

दार

नोंदणी नऊला उघडली आणि कार्यक्रम दहाला आहे म्हणून तीनशे माणसं तासभर सारखी वाटून येतील असं होत नाही. साठ टक्के, म्हणजे १८०, शेवटच्या अर्ध्या तासात येतात असं धरा: मिनिटाला सहा. नाव शोधून बॅज द्यायला ३० सेकंद लागले तर एक टेबल मिनिटाला दोघांना सोडतं. हिशोबाने तीन टेबलं पुरतात, पण तीनच ठेवली तर एकदा साचलेली रांग पुन्हा उतरत नाही. चार ठेवा. आणि पाचवं, थोडं बाजूला, फक्त अडचणींसाठी: नाव यादीत नाही, पैसे भरलेत पण पावती सापडत नाही, बॅजवर नाव चुकलं. एक वाद तीन मिनिटं खातो आणि तो मुख्य रांगेत झाला तर मागे सहा माणसं थांबतात. "आपण त्या टेबलाशी या, तिथे लगेच बघतात" एवढं वाक्य सगळ्या स्वयंसेवकांच्या तोंडी बसलेलं हवं.

टेबलं अक्षरांनी वाटताना वर्णमालेचे समान तुकडे करू नका. यादी लावून आधी मोजा. काही अक्षरांवर नावांचा डोंगर असतो तर काहींवर चार-दोन नावं. अक्षरांच्या पाट्या डोक्याच्या वर लावा, कारण टेबलाला चिकटवलेली पाटी पहिल्या माणसाच्या पाठीमागे लपते. बॅजवर पहिलं नाव मोठं, दोन मीटरवरून वाचता येईल असं, आणि दोन्ही बाजूंना छापा. गळ्यातला बॅज उलटतोच.

वीज आणि आवाज

सगळ्या उपकरणांचा भार एका कागदावर मांडा. साउंड ३ किलोवॉट, दिवे ६, प्रोजेक्टर आणि संगणक २, स्वयंपाकघरातल्या गरम ठेवणाऱ्या उपकरणांना ५: एकूण १६. जनरेटर के.व्ही.ए. मध्ये मोजतात, म्हणून ०.८ ने भागा: २० के.व्ही.ए. जनरेटर पूर्ण क्षमतेवर चालवायचा नसतो, पाऊण भारावर धरला तर २७ येतात, म्हणजे बाजारातला ३० चा घ्यायचा. सभागृहाची वीज असेल तर कोणता पॉइंट कोणत्या एम.सी.बी. वर (भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बटणावर) आहे ते तिथल्या इलेक्ट्रिशियनसोबत फिरून लिहून घ्या. पाणी उकळायची दोन-तीन किलोवॉटची किटली नेमकी साउंडच्या लाइनवर लागते, आणि नेमकी भाषण रंगात असताना.

साउंडची सगळी उपकरणं एका फेजवर, दिवे दुसऱ्या. मंद होणारे दिवे आणि साउंड एकाच लाइनवर असले की स्पीकरमधून घरघर येते. माइकच्या आणि विजेच्या वायरी समांतर नेऊ नका. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात. साउंडचा मिक्सर (सगळ्या माइकचे आवाज जिथे एकत्र येतात आणि कमी-जास्त करतात ते उपकरण) आणि सादरीकरणाचा संगणक यू.पी.एस. वर टाका. वीज गेल्यावर जनरेटर काही सेकंदांत येतो, पण डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं घेतो, आणि तेवढ्या वेळात निवेदक मुक्याने हातवारे करत उभा राहतो.

माइक शिट्टी मारतो त्याचं कारण साधं आहे: स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. म्हणून मुख्य स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला. व्यासपीठावरून खाली उतरून, स्पीकरसमोर जाऊन बोलायची हौस असलेला वक्ता असेल तर साउंडवाल्याला आधी सांगा. हातातला माइक तोंडापासून चार बोटांवर. दूर धरला की साउंडवाला आवाज वाढवतो आणि शिट्टी तिथूनच सुरू होते. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, आणि दागिना किंवा बॅजची दोरी त्यावर घासणार नाही असा.

सभागृह लांब असेल तर मागच्यांसाठी मध्ये जादा स्पीकर लावतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे व्यासपीठावरून २० मीटर यायला सुमारे ५८ मिलिसेकंद. वायरीतून आवाज लगेच पोचतो, म्हणून या मागच्या स्पीकरना तेवढा उशीर मिक्सरवर द्यावा लागतो. तो दिला नाही तर मागच्या ओळींना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि "आवाज मोठा करा" अशी तक्रार येते, जिच्याने प्रकरण आणखी बिघडतं. आणखी एक: रिकाम्या सभागृहात घुमणारा आवाज माणसं भरल्यावर बराच शोषला जातो. आदल्या दिवशीच्या तपासणीवर समाधान मानू नका, पहिल्या दहा मिनिटांत साउंडवाल्याने शेवटच्या ओळीपर्यंत एक चक्कर मारलीच पाहिजे.

बिनतारी माइकचे सेल सकाळी नवे, जेवणानंतर पुन्हा नवे. "अजून निम्मे आहेत" हे वाक्य ऐकून घेऊ नका. आणि एक तारेचा माइक, जोडलेला, तपासलेला, व्यासपीठाच्या कडेला पडून असू द्या.

पडद्यावरची अडचण

सादरीकरणं दोन दिवस आधी मागवा आणि सगळी एकाच संगणकावर चालवून पाहा. दुसऱ्या संगणकावर फाँट नसला की देवनागरी अक्षरं चौकटी-चौकटी होऊन बसतात, वेलांट्या भलत्या जागी जातात. म्हणून मूळ फाइल, तिची पीडीएफ प्रत आणि व्हिडिओच्या फाइली वेगळ्या, असं तिन्ही घ्या. संगणकाची झोप, अद्ययावतीकरण आणि निरोपांच्या सूचना बंद करा. कोणाचा तरी खासगी निरोप आठ फुटी पडद्यावर उमटायला क्षणही पुरतो. साधी एचडीएमआय वायर पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, लांब अंतराला साउंड-पडदावाल्यांकडून योग्य जोडणी मागा. थेट प्रक्षेपण असेल तर तारेचं इंटरनेट घ्या आणि अपलोडचा वेग लागतो त्याच्या दुप्पट असू द्या: पूर्ण एचडी चित्राला ५ ते ६ एमबीपीएस लागतो, म्हणजे १२ हवा, आणि तोही पाहुण्यांच्या वाय-फायपासून वेगळा.

मिनिटवार पत्रक

पाहुण्यांना वाटायची कार्यक्रमपत्रिका वेगळी आणि हे पत्रक वेगळं. हे फक्त काम करणाऱ्यांसाठी. प्रत्येक ओळीत वेळ, काय घडतं, कोण करतं, कोणता माइक, पडद्यावर काय. एक तुकडा असा दिसतो:

१०:५८: सभागृहातले दिवे अर्धे. पडद्यावर नावाची पाटी. दारावरचे स्वयंसेवक दारं लोटतात.
११:००: निवेदक उजवीकडून येतो. माइक १ चालू.
११:०२: वक्त्याची ओळख, १०० शब्द. वक्ता डाव्या विंगेत उभा, माइक ३ लावलेला, त्याचं बटण चालू, मिक्सरवर बंद.
११:०३: वक्ता मंचावर. माइक ३ उघडा, माइक १ बंद. पडद्यावर सादरीकरण क.
११:१८, ११:२३, ११:२७: पहिल्या ओळीतून १०, ५ आणि १ मिनिटाची पाटी.
११:२८: प्रश्नोत्तरं. दोन स्वयंसेवक फिरते माइक घेऊन दोन वाटांत तयार.

११:०२ ची ओळ नीट पाहा. बटण चालू पण मिक्सरवर बंद, कारण बटण वक्त्याच्या हाती राहिलं तर दोनच गोष्टी होतात: तो चालू करायला विसरतो, किंवा बंद करायला विसरून विंगेत गप्पा मारतो आणि त्या सभागृहाला ऐकू जातात.

माणूस मिनिटाला सुमारे १२० शब्द बोलतो. १०० शब्दांची ओळख पन्नास सेकंदांत होते. वक्त्याने पाठवलेलं पाचशे शब्दांचं परिचयपत्र जसंच्या तसं वाचलं तर चार मिनिटं जातात, आणि दिवसभरात सहा वक्ते असतील तर पंचवीस. ओळख तुम्हीच छाटा. वक्त्याला २० मिनिटं सांगा, पत्रकात २५ धरा. दर दोन तासांना दहा मिनिटं मोकळी ठेवा, पण ती छापील पत्रिकेत दाखवू नका, नाहीतर तीही वापरली जातात. कार्यक्रम मागे पडला तर काय गाळायचं याचा क्रम आदल्या दिवशीच लिहून ठेवा. ऐन वेळी गाळायला सगळेच कचरतात आणि मग जेवणाच्या वेळेवर गदा येते.

पारितोषिकांचाही हिशोब असाच. २० पारितोषिकं, प्रत्येकी एक मिनिट धरलं तर २० मिनिटं; पण नाव पुकारल्यावर माणूस दहाव्या ओळीतून उठून येणार असेल तर दोन मिनिटं धरा आणि मग ४०. विजेत्यांना क्रमाने पुढच्या ओळीत बसवा, पुढचा एक जण कायम पायरीशी उभा, चढायची पायरी एका बाजूला आणि उतरायची दुसऱ्या. सन्मानचिन्हं टेबलावर त्याच क्रमाने, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी.

माणसं आणि त्यांची कामं

मुख्य समन्वयकाच्या वाट्याला त्या दिवशी एकही काम नको. पाहुण्यांचं स्वागत नाही, निवेदन नाही, चेकवर सह्या नाहीत. त्याचं काम चालणं, पाहणं आणि निर्णय देणं. बहुतेक समित्या नेमकं उलटं करतात: सर्वात जास्त माहिती असलेला माणूस व्यासपीठावर बसतो आणि त्याला गाठता येत नाही.

बाकीच्यांना विभाग वाटून द्या: दार, मंच, तांत्रिक, जेवण, पाहुणे, सुरक्षा. एकेका विभागाला एक प्रमुख आणि त्याला एक पर्यायी माणूस. अडचण बहुधा दोन विभागांच्या मध्ये होते. पाहुणा दारापर्यंत पोचवला, पण दारापासून विंगेपर्यंत कोण आणणार? तिथे दोन्हीकडची नावं लिहा. स्वयंसेवकांची पाळी चार तासांहून मोठी नको, दहांमागे एक राखीव, आणि त्यांचं जेवण पाहुण्यांच्या आधी. उपाशी स्वयंसेवक हसून बोलत नाही.

संपर्काला वॉकीटॉकी उत्तम. फोनवर भरवसा ठेवू नका, गर्दीत जाळं गच्च होतं. मेसेजचा गट केलाच तर त्यात फक्त अडचण आणि उत्तर. शुभेच्छा आणि फोटो दुसऱ्या गटात.

जेवण

वाढपाच्या ओळीतून मिनिटाला साधारण चार माणसं पुढे सरकतात. एकच ओळ असेल तर ३०० माणसांना ७५ मिनिटं. दोन टेबलं आणि दोन्ही बाजूंनी वाढून घ्यायची सोय केली की चार ओळी होतात आणि १९ मिनिटांत काम होतं. पदार्थ वाढवण्याऐवजी ओळी वाढवा. ताटं सुरुवातीला, चमचे आणि कागदी रुमाल शेवटी. आधी दिले तर हात अडकतात. पाणी ओळीत ठेवूच नका, दूर वेगळ्या टेबलांवर ठेवा, कारण पाण्याशी माणूस थांबतो आणि गप्पा सुरू होतात. उष्टी ताटं टाकायची जागा बाहेर पडायच्या वाटेवर नको.

गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर, थंड ५ च्या खाली. मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त ठेवलेलं अन्न वाढू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. कार्यक्रम लांबतोय असं दिसलं की पहिला निरोप स्वयंपाकघराला गेला पाहिजे, म्हणजे ते अन्न उशिरा बाहेर काढतील. कोणाला काय चालत नाही हे नोंदणीच्या वेळी विचारा आणि प्रत्येक पदार्थापुढे घटकांची पाटी ठेवा.

सुरक्षा

एक मीटर रुंद दारातून मिनिटाला ६० ते ८० माणसं बाहेर पडतात. म्हणजे एकाच दाराने ३०० जणांना चार-पाच मिनिटं, तीन दारांनी दीड-दोन. पण दारं असून पुरत नाही. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये स्टेशन नावाच्या नाइट क्लबला मंचावरच्या आतषबाजीने आग लागली आणि १०० माणसं गेली. बाहेर पडायच्या आणखी वाटा असूनही बरीच गर्दी आत आली त्याच पुढच्या दाराकडे वळली आणि तिथे अडकली. म्हणून सुरुवातीलाच निवेदकाने बाकीची दारं हाताने दाखवावीत, तीस सेकंद लागतात. दारांना कुलूप नाही, आतून ढकलताच उघडतात आणि पलीकडे सामान रचलेलं नाही, हे लोकांना आत घेण्याआधी एकाने प्रत्यक्ष ढकलून पाहावं. खुर्च्या कमी पडल्या की माणसं त्या वाटांमध्ये टाकतात. तिथे नाही म्हणायचा अधिकार दारावरच्या साध्या स्वयंसेवकालाही द्या.

उभ्या गर्दीत चौरस मीटरला चार माणसांच्या पुढे चालणं अडतं. पाचच्या पुढे धक्का लाटेसारखा पसरतो आणि पडलेल्याला उठता येत नाही. दाराशी अशी दाटी दिसली तर मागून येणाऱ्यांना थांबवा, पुढच्यांना घाई करू नका. प्रथमोपचाराची पेटी कुठे, रुग्णवाहिका कोणत्या फाटकाने येणार आणि ते फाटक उघडायची चावी कोणाकडे, हे तीन प्रश्न प्रत्येक विभागप्रमुखाला विचारून पाहा.

कार्यक्रम उघड्यावर असेल तर तंबूवाल्याकडून लेखी घ्या की वाऱ्याच्या कोणत्या वेगाला मंडप रिकामा करायचा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर मैदान रिकामं करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पावसाचा निर्णय किती वाजता आणि कोण घेणार हेही आधी लिहा, नाहीतर तो ढगांवर सोपवला जातो.

आदला दिवस आणि नंतरचा आठवडा

आदल्या संध्याकाळी संपूर्ण कार्यक्रम करून पाहायची गरज नाही. फक्त बदल तपासा: एका माणसाकडून दुसऱ्याकडे, एका माइककडून दुसऱ्याकडे, अंधारातून उजेडाकडे. प्रत्येक बदल एकदा करून पाहिला की तासाभरात संपतं. मंच व्यवस्थापकाजवळ एक पेटी असू द्या: कापडी चिकटपट्टी, कात्री, जाड पेन, सेल, एक्स्टेंशन बोर्ड, पडद्याच्या जोडण्यांचे अडॅप्टर, सुई-दोरा, सेफ्टी पिना, मिनिटवार पत्रकाच्या पाच छापील प्रती.

निघण्याची गर्दी शेवटची भरती. आभार संपताच दिवे पूर्ण लावा, सगळी दारं उघडा, आणि ठेवलेलं सामान परत देणारं टेबल दारापासून लांब ठेवा. त्याच वेळी सामान उचलणारे हमाल उलट्या दिशेने आत येत असतात; त्यांना अर्धा तास थांबवा किंवा मागचं दार द्या.

भाड्याच्या वस्तू मोजून, पावतीवर सही घेऊन परत करा. दुसऱ्या दिवशी सापडलेल्या कमी-जास्तीचं भांडण तुम्हीच हरता. अभिप्राय चोवीस तासांच्या आत मागा आणि चारच प्रश्न विचारा. समितीची बैठक तीन दिवसांत, आठवणी ताज्या असताना: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला. तिथे मिनिटवार पत्रकाची ती प्रत आणा जिच्यावर कोणीतरी प्रत्येक ओळीपुढे प्रत्यक्ष वेळ पेनाने लिहिलेली आहे. हे लिहायचं काम कार्यक्रमाच्या दिवशी एका शांत स्वभावाच्या माणसाला मिक्सरशेजारी बसवून द्यायचं. पुढच्या कार्यक्रमाचे अंदाज याच कागदावरून काढायचे असतात.